खुर्ची नाझराच्या ताब्यात

न्यायाधीश ज्या खुर्चीवर बसून निकाल देतात, ती त्यांच्या ताब्यात नसते. ती नाझराच्या ताब्यात असते. खुर्ची, समोरचं टेबल, डोक्यावरचा पंखा, साक्षीदाराचा पिंजरा, भिंतीवरचं मागे पडलेलं घड्याळ, व्हरांड्यातली बाकडी, सगळं डेडस्टॉक रजिस्टरात उतरवलेलं असतं आणि ते रजिस्टर नाझराकडे असतं. साहेब साधारण तीन वर्षांनी बदलून जातात. खुर्ची जायची झाली तर आधी तिचं निर्लेखन करावं लागतं, आणि ते साहेबांच्या बदलीपेक्षा पुष्कळ अवघड काम आहे.

सिनेमातल्या कोर्टात सामान आणि पैसा सांभाळणारा हा नाझर दिसत नाही. तिथे न्यायाधीश, दोन वकील, एक आरोपी आणि ऐन वेळी धापा टाकत येणारा साक्षीदार एवढ्यावर भागतं. खऱ्या पक्षकाराचा मात्र न्यायाधीशांशी संबंध फार थोडा येतो. साहेबांसमोर तो दोन-तीन मिनिटं उभा राहतो, तेही पुष्कळदा पुढची तारीख ऐकण्यापुरता. त्याचा बाकीचा सगळा काळ खिडक्यांसमोर जातो. न्याय दालनात होत असेल, पण तो चालतो कार्यालयाच्या पायांनी. आणि हे कार्यालय कुणी एका बैठकीत बसून आखलेलं नाही. जसजशी भांडणं आली तसतशी एकेक खिडकी उघडत गेली. उघडलेली खिडकी बंद करण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

दाव्याचा पहिला मुक्काम फायलिंगला. इथला क्लार्क दाव्यात कोण खरं आणि कोण खोटं ते पाहत नाही. तो समास पाहतो, पानांचे आकडे पाहतो, वकालतनाम्यावरचं तिकीट पाहतो, कोर्ट फी पाहतो. काही कमी दिसलं की ‘ऑब्जेक्शन’ निघतं. एकदा एका तरुण वकिलानं वैतागून विचारलेलं मी ऐकलं आहे, ‘भाऊसाहेब, हे काय काढलंत?’ भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, ‘मी कुठे काढलं? कागदानंच काढलंय.’ या उत्तरावर अपील नाही.

ऑब्जेक्शन दूर झालं की नंबर पडतो, दावा एखाद्या कोर्टाकडे जातो, बेंच क्लार्कच्या टेबलावर येतो, मग बोर्डावर लागतो. रोज काय झालं ते रोजनाम्यात लिहिलं जातं. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, वकिलांचा मुदतीचा अर्ज, अर्ज मंजूर. दाव्याचं चरित्रच ते, फक्त कुणी ते वाचनालयातून घरी नेत नाही. आणि दाराशी शिपाई पुकारा करतो. हा पुकारा ऐकण्यासारखा असतो. सकाळी अकराला आडनाव स्पष्ट उच्चारलं जातं. दुपारी चारपर्यंत त्याचे कोपरे झिजून ते असं गुळगुळीत झालेलं असतं, की ते वाडवडिलांपासून लावणाऱ्या माणसालाही आपलं आहे हे ओळखू येत नाही.

पण कोर्टाच्या आवारात खरं कार्यालय बघायचं असेल तर नाझर शाखेत डोकवावं. भत्ता भरायचा तो इथे, पैसे ठेवायचे ते इथे, आणि समन्सं, नोटिसा, वॉरंटं घेऊन बेलिफ बाहेर पडतात तेही इथूनच. अख्ख्या न्यायव्यवस्थेत बेलिफ हा एकच असा माणूस आहे जो पक्षकाराच्या दारी जातो. बाकी सगळे पक्षकाराला आपल्याकडे बोलावतात.

बेलिफानं दारी जाऊन काय करायचं हे दिवाणी प्रक्रिया संहितेत इतकं बारकाईनं लिहिलेलं आहे, की ते वाचताना कायद्यापेक्षा गावाचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं. प्रतिवादी घरी नसला आणि लवकर येण्याचं चिन्ह नसलं, तर घरातल्या प्रौढ माणसाकडे समन्स द्यावं. 1976च्या दुरुस्तीपर्यंत हा प्रौढ माणूस पुरुषच असावा लागे. म्हणजे सासूबाई सगळं घर चालवत असतील, तिजोरीच्या किल्ल्या कमरेला असतील, तरी समन्स त्यांच्या हाती देता येत नसे. मिसरूड फुटलेला भाचा मात्र चाले. 1976 साली ‘स्त्री असो वा पुरुष’ अशी सुधारणा झाली. ‘नोकर हा कुटुंबातला नव्हे’ हा खुलासा मात्र होता तसाच राहिला. त्या खुलाशामागे कुठल्या तरी जुन्या वाड्यातल्या, समन्स चुलीत घालणाऱ्या एखाद्या इमानी गड्याचा हात असणार, असं मला नेहमी वाटतं.

कुणीच समन्स घेईना, तर बेलिफानं ते दाराला डकवायचं आणि पंचांच्या सह्या घेऊन अहवाल द्यायचा. जमिनीवर जप्ती असेल तर हुकूम त्या जागेवर जाऊन दवंडी पिटून जाहीर करायचा. ‘ढोल वाजवून किंवा रूढ असलेल्या इतर रीतीने’ अशा अर्थाचं वाक्य संहितेत आजही आहे. दुसरीकडे 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, निळ्या खुणा उमटल्या आणि जोडलेली फाइल उघडली गेली म्हणून, पोचली असं मानलं. एकाच खात्यात ढोलही चालतो आणि निळी खूणही. कुणी कुणाची जागा घेतलेली नाही.

दावा जिंकल्यावर काम संपतं असं ज्यांना वाटतं त्यांनी अजून दरखास्त पाहिलेली नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं 1872 सालीच नोंदवून ठेवलं आहे. निकाल कागदावर असतो. तो जमिनीवर आणायचा तर दरखास्त दाखल करायची आणि पुन्हा नाझर शाखेच्या खिडकीशी यायचं. मग बेलिफ जप्तीला निघतो. पण सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्यानं राहत्या घरात शिरायचं नाही. शिरल्यावरही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची बैलजोडी आणि बियाणं यांना हात लावायचा नाही. धर्मरूढीप्रमाणे जे दागिने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत, तेही सोडायचे. म्हणजे मंगळसूत्र हुकूमनाम्याच्या वर. आणि ऋणकोला दिवाणी तुरुंगात घालायचंच असेल, तर त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च धनकोनं आधी कोर्टात भरायचा. बुडालेल्या पैशांपायी बुडवणाऱ्याला जेवायला घालण्याची ही तरतूद पाहिली, की पुष्कळ धनकोंचा राग आपोआप निवळतो.

ही यादी मला फार आवडते. कायद्याची भाषा रुक्ष आहे असं म्हणतात. पण माणसाचं सगळं ओढून न्यायला निघालेल्या हाताला तवा आणि पांघरूण सोड असं सांगणारी भाषा रुक्ष कशी म्हणायची? बेलिफाचा पगार बेताचा, बस कधी मिळते कधी मिळत नाही, आणि गावात शिरला की कुत्री आधी त्याची दखल घेतात. तरी न्यायव्यवस्थेचे सगळे शिष्टाचार शेवटी त्यालाच पाळायचे असतात.

या सगळ्यांवर अधीक्षक, त्यांच्यावर रजिस्ट्रार, म्हणजे कागदोपत्री प्रबंधक, आणि सर्वांत वर प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. सकाळी खुनाच्या खटल्यात साक्षीपुरावा तोलणाऱ्या या माणसाला दुपारी क्लार्कची रजा, तालुक्याच्या कोर्टातली गळती आणि जनरेटरच्या डिझेलचं बिल, यांवरही निकाल द्यायचा असतो. यांतलं कुठलं जास्त अवघड असतं हे विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. गळती थांबवणं तर त्यांच्याही हातात नसतं. कोर्ट स्वतंत्र आहे, पण छप्पर सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि नव्या पदाची मंजुरी मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाची. स्वातंत्र्याला अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष लागतं.

एक गोष्ट मात्र मंत्रालयाच्या हातातून नक्की निसटली. जिल्हा न्यायालयांतल्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण घटनेच्या कलम 235नं उच्च न्यायालयाकडे दिलं. बदली कुठे, रजा किती, हे सरकार ठरवत नाही. याचं मोल कळायला न्यायमूर्ती रानडे आठवावेत. पुण्यात ते सबजज्ज होते. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचा हात आहे हे सरकारला खुपत होतं. 1878 साली त्यांना नाशिकला पाठवलं आणि पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला. तिथे त्यांची पत्रंही फोडून वाचली जात. कलम 235 ही घटनेतली एक कोरडी ओळ वाटते, पण तिच्यामागे असे अनेक टपाली लखोटे आहेत. आज प्रत्येक जिल्ह्याला उच्च न्यायालयातले एक पालक न्यायमूर्ती असतात. ते तपासणीला येणार म्हटलं, की डेडस्टॉक रजिस्टरावरची धूळ सर्वांत आधी जाते.

आता मुंबई. फोर्टमधली ती 1878 सालची काळसर दगडी इमारत, कर्नल फुलर यांनी उभारलेली. आत चोपदार न्यायमूर्तींच्या पुढे चालतात, वकिलांचे काळे कोट जिन्यांवरून धावत असतात, आणि नवखा माणूस दहा मिनिटांत हरवतो. तो हरवतो याचं कारण इमारत नव्हे. इथे एका घरात दोन चुली आहेत. एकीचं नाव ओरिजिनल साइड, दुसरीचं ॲपेलेट साइड. मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट इथेच सुरू होतात, ते पहिल्या चुलीवर. जिल्ह्यांतून वर आलेली अपिलं दुसऱ्या चुलीवर. दोघींची कार्यालयं वेगळी, नियमांची पुस्तकं वेगळी: एकीचं 1980 सालचं, एकीचं 1960 सालचं. एका खिडकीवरचा कागद दुसऱ्या खिडकीवर नेलात, तर पलीकडचे भाऊसाहेब तो न उघडताच परत करतात.

या दोन चुलींचं भांडण हायकोर्टापेक्षाही जुनं आहे. 1824 साली मुंबई बेटावर सुप्रीम कोर्ट आलं, ते इंग्लंडच्या राजाचं. बेटाबाहेरचा मुलूख कंपनीचा आणि तिथल्या अपिलांची सदर अदालतही कंपनीचीच. दोघांचं पटेना. पुण्यात मोरो रघुनाथ नावाच्या मुलाला घरातल्याच वडीलधाऱ्यांनी अडकवून ठेवलं आहे, अशी तक्रार सुप्रीम कोर्टात आली आणि कोर्टानं त्याला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर जॉन माल्कम म्हणाले, पुणं तुमच्या हद्दीत नाही, हुकूम बजावायचा नाही. कोर्टातले दोन न्यायमूर्ती 1828 सालीच एकामागोमाग वारले होते. उरलेले ग्रँटसाहेब एकटेच. 1829 साली त्यांनी सरळ कोर्टच बंद करून टाकलं. अख्ख्या मुंबईचा न्याय एका माणसाच्या रुसव्यामुळे बंद. पुढे प्रिव्ही कौन्सिलनं गव्हर्नरच्या बाजूनं कौल दिला. मोरो रघुनाथाला पुढे पुण्यात कुणी ओळख दाखवली का, कोण जाणे. पण एका मुलापायी दोन सत्तांनी एवढा वाद घातल्याचं उदाहरण विरळाच.

शेवटी 14 ऑगस्ट 1862 रोजी दोन्ही न्यायालयं एकत्र करून मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं. न्यायमूर्ती एक झाले. कार्यालयं मात्र एक झाली नाहीत. राजाच्या कोर्टाचा वारसा ओरिजिनल साइडकडे आला, त्याचा प्रमुख प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर. अदालतीचा वारसा ॲपेलेट साइडकडे, तिथे रजिस्ट्रार. राजा गेला, कंपनी गेली, देश स्वतंत्र झाला, बॉम्बेची मुंबई झाली. खिडक्या आपापल्या जागी आहेत.

ओरिजिनल साइडच्या आसऱ्यानं आणखी बरीच बिऱ्हाडं राहतात. कोर्ट रिसीव्हर, ज्यांच्या ताब्यात भांडणातल्या मालमत्ता दिल्या जातात. भाऊबंदकीत अडकलेल्या चाळींचं भाडं वर्षानुवर्षं तेच वसूल करतात. ऑफिशियल असायनी, दिवाळखोरांच्या मालमत्तेचे कारभारी, 1909च्या कायद्यानुसार. टॅक्सिंग मास्टर, ज्यांचा आयकराशी काही संबंध नाही; दाव्याच्या खर्चाची वकिलांची बिलं तपासून त्यांना कात्री लावायची हे त्यांचं काम. आणि शेरीफ. मुंबईचा शेरीफ हे आता मानाचं पद आहे. दिलीप कुमार होऊन गेले, सुनील गावस्कर होऊन गेले. पण ओरिजिनल साइडच्या समन्स-वॉरंटांची बजावणी हे या पदाच्या कार्यालयाचं जुनं काम. गावस्कर शेरीफ असताना दार उघडलं की समोर ते उभे दिसत, असं मात्र कुणी समजू नये. तिथेही बेलिफच.

एक खातं मला वाटतं सगळ्यांत अबोल आहे: मुख्य भाषांतरकार आणि दुभाषी यांचं. 1998 साली राज्य सरकारनं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या कलम 348नुसार इंग्रजी. त्यामुळे बांधावरून झालेल्या भांडणात ‘त्यानं माझी गचांडी धरली’ असं एखादी बाई शपथेवर सांगते आणि ते वाक्य चार वर्षांनी फोर्टात कुणाच्या तरी टेबलावर येतं. गचांडीला इंग्रजी शब्द शोधणारा तो माणूस कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही. पण एखादं अपील त्याच्या एका क्रियापदावर तरत-बुडत असतं.

या साऱ्यांच्या वर रजिस्ट्रार जनरल, जे बहुधा जिल्हा न्यायाधीशच असतात, आणि त्यांच्यासोबत प्रशासन, न्यायिक कामकाज, तपासणी अशा वेगवेगळ्या कामांचे रजिस्ट्रार. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका मुख्य न्यायमूर्तींकडे, कलम 229प्रमाणे. आणि हा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित, म्हणजे विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी शिपायाच्या पगाराचाही एवढा विचार केला होता. नागपूर, गोवा, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येक खंडपीठाची आपली स्वतंत्र रजिस्ट्री. ऑगस्ट 2025मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. वकिलांची मागणी कित्येक दशकांची. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची एस.टी. वाचली. मला मात्र पहिल्या दिवशीची भाषणं ऐकताना एकच उत्सुकता होती: तिथलं डेडस्टॉक रजिस्टर कुणी सुरू केलं, आणि त्यात पहिली नोंद कशाची पडली.

संगणक आला तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता खिडक्या जाणार. ई-कोर्ट प्रकल्प 2007 साली सुरू झाला. 2023 साली त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं 7,210 कोटी रुपये मंजूर केले. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. ही गोष्ट लहान नाही. नुसती तारीख विचारायला मजुरी बुडवून तालुक्याला येणारा माणूस मी पाहिला आहे. त्याचा तो दिवस वाचला. पण खिडकी गेली नाही. शेजारी ई-फायलिंगची नवी खिडकी आली, आणि तीही ऑब्जेक्शन काढते. ओरिजिनल साइडला वेळेत ऑब्जेक्शन दूर केलं नाही, तर नियम 986खाली दावा नामंजूर होतो. ‘986मध्ये गेला’ असं तिथले वकील म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात तेवढंच दुःख असतं जेवढं गाडी चुकलेल्या माणसाच्या आवाजात असतं.

या साऱ्या पसाऱ्याला वळण लावावं, सगळ्या खिडक्या एका ओळीत आणाव्यात, असं सुचवणारे अहवाल येत राहतील. माझं मत विचाराल तर खिडक्या राहू द्याव्यात. फक्त दारातच एक शहाणा माणूस बसवावा, ज्याला कुठला कागद कुठे जातो ते ठाऊक आहे आणि जो ते हसून सांगतो. रजिस्ट्रारपासून शिपायापर्यंत पदांच्या यादीत एवढं एकच पद नाही.

ते निर्माण होईपर्यंत एवढं करा. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायचं तर मुदत 90 दिवसांची, जिल्हा न्यायालयात 30 दिवसांची. नक्कल मिळायला लागणारा वेळ मुदत कायद्याच्या कलम 12नुसार त्यात धरत नाहीत. पण अर्ज देण्याआधी कार्यालयानं हुकूमनामा तयार करायला घेतलेला वेळ धरतात. म्हणून साहेबांनी काय लिहिलं आहे ते घरी जाऊन समजून घ्या, आधी नकलेच्या खिडकीशी जा. आणि पावती जपून ठेवा.